गोल्फ, पण सरकारी मैदानावरचा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत नोकरीला आणि आईवडील दोन-तीन वर्षांतून एकदा चार-पाच महिने त्यांच्याकडे राहायला, अशी घरे आपल्या वाचकांत आता कमी नाहीत. आमचे घर त्यातलेच. नातवंडांचे लाड होतात, बिर्याणी-पुलाव होतात, सगळे होते. पण सकाळी आठ वाजता घर रिकामे झाले की दुपार खायला उठते. रस्त्यावर चिटपाखरू नसते. गाडीशिवाय कोथिंबिरीची जुडीही आणता येत नाही. दुकाने दोनदा फिरून झाली की तिसऱ्यांदा जावेसे वाटत नाही. वॉशिंग्टन शहरात किंवा त्याच्या आसपासच्या उपनगरांत ज्यांचे कोणी आहे त्यांना आम्ही एक गोष्ट सुचवतो. त्या शहरातली तीन सरकारी गोल्फ मैदाने पाहून या.

गोल्फ हा शब्द वाचून पान उलटू नका. आमच्याही मनात गोल्फ म्हणजे उंच भिंत, दारात पहारेकरी आणि आत साहेब लोक असेच होते. चेंबूरला 1927 सालापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. आयुष्यात त्या भागातून किती वेळा गेलो असू, पण आतले गवत कसे दिसते ते कधी कळले नाही. सभासदांचा क्लब, आपले काय काम! कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब तर 1829 सालचा. हा खेळ आपल्याकडे इंग्रजांच्या क्लबांतून आला आणि बराचसा तिथेच राहिला.

त्याच्या मूळ गावी मात्र तसे नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान ही गावाची जमीन आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्याच गवतावर फिरतात. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या व्हॅन कोर्टलंड पार्कमध्ये 1895 साली पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झाले. आज त्या देशातली बहुसंख्य गोल्फ मैदाने पैसे भरून कोणालाही खेळता येतील अशीच आहेत. सभासदत्व नाही, शिफारस नाही. वेळ राखून ठेवायची, त्या दिवसाची फी भरायची, काठ्या नसतील तर भाड्याने घ्यायच्या. उन्हे कलल्यावर फी कमी होते. आमच्यासारख्यांना पूर्ण खेळ झेपत नाही, त्यांनी बादलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि सरावाच्या पट्ट्यावर उभे राहून एकेक मारत बसायचे. चेंडू कुठे गेला याची चिंता नाही, तो उचलून आणायला यंत्र फिरत असते.

वॉशिंग्टनची ही तिन्ही मैदाने केंद्र सरकारच्या जमिनीवर आहेत. ती जमीन राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या खात्याकडे आहे. म्हणजे आपल्याकडे ताडोबा-पेंच सांभाळणारे खाते असते, साधारण त्या जातीचे. अशा खात्याने गोल्फची मैदाने का राखावीत, असा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवशी पडला होता.

पहिले मैदान ईस्ट पोटोमॅक. पोटोमॅक नदीतला गाळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपसून टाकला, त्या भरावातून ही जिभेसारखी लांबट जमीन तयार झाली. तिच्या टोकाला हेन्स पॉइंट म्हणतात. 1920 च्या सुमारास तिथे गोल्फ सुरू झाला. आज अठरा होलचे एक आणि नऊ-नऊ होलची दोन अशी तीन मैदाने एकाच ठिकाणी आहेत. सगळी जमीन सपाट, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही चालता येते. चेंडू मारायला मान वर केली की समोर वॉशिंग्टन स्मारकाचा उंच पांढरा सुळका. एप्रिलच्या आसपास चेरी फुलते तेव्हा जवळच्या तळ्याकाठी पाय ठेवायला जागा नसते. पण इथे काठावर बऱ्यापैकी निवांत असते. भरतीला पाणी पायवाटेवर चढते, हे मात्र लक्षात ठेवावे. गाळाची जमीन ती गाळाचीच. छोट्यांसाठी मिनी गोल्फ आहे, तोही 1930 च्या सुमारापासूनचा. नातवंडांना घेऊन जायचे असेल तर इथेच जावे. गेल्या ईदला दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आम्ही नदीकाठच्या गवतावर बसलो होतो. शेजारी इथिओपियाचे एक कुटुंब, पलीकडे बहुधा साल्वादोरचे. शीरखुर्म्याचा डबा तिन्हीकडे फिरला.

दुसरे मैदान रॉक क्रीक पार्कमधले, 1923 सालचे. भोवती दाट जंगल, हरणे सहज दिसतात. चढउतार भरपूर आहेत. ज्यांचे पाय अजून कुरकुरत नाहीत त्यांच्यासाठी. आम्ही एकदाच गेलो आणि पुढच्या वेळी मुलालाच पाठवले.

तिसरे मैदान लँगस्टन. शहराच्या ईशान्येला बेनिंग रोडच्या कडेला, अ‍ॅनाकोस्टिया नदीजवळ. दिसायला तिघांत सगळ्यात साधे. बाजूने गाड्यांचा आवाज, गवत काही ठिकाणी विरळ. तरीही निवड करायला सांगितली तर आमचे बोट लँगस्टनकडे जाईल. त्याचे कारण गवत नव्हे.

वॉशिंग्टनमध्ये त्या काळी काळ्या नागरिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने गोल्फ खेळता येत नसे. जमीन सरकारची, कर सगळ्यांचा, पण काळ्यांनी ठरावीक वेळीच यावे. 1920 च्या दशकात त्यांच्यासाठी वेगळे नऊ होलचे एक कामचलाऊ मैदान काढून दिले, तेही कुठे, तर लिंकन स्मारकाजवळ! ज्या लिंकनने गुलामगिरी मोडली त्याच्या स्मारकाच्या 1922 सालच्या उद्घाटनाला काळ्या पाहुण्यांना वेगळे बसवले होते, तेव्हा नवल नाही.

पुरुषांनी क्लब काढले, आपापल्या परीने खेळू लागले. शनिवार-रविवार नवरे मैदानावर आणि बायका घरी. हेलन वेब हॅरिस नावाच्या एका शिक्षिकेने 1937 साली आपल्या घरी तेरा बायकांना बोलावले आणि त्यांनी बायकांचा गोल्फ क्लब सुरू केला. नाव ठेवले वेक-रॉबिन. हे तिकडच्या एका रानफुलाचे नाव. काळ्या स्त्रियांचा तो अमेरिकेतला पहिला गोल्फ क्लब, आणि तो अजून चालू आहे. त्या बायकांना दोन्हीकडून झेलावे लागले. गोऱ्यांचा रंगावरून विरोध आणि आपल्याच पुरुषांची कुजकट थट्टा. बायका कुठे गोल्फ खेळतात का, हा सूर आपल्या वाचक भगिनींना अनोळखी नसेल. पुढच्याच वर्षी हा क्लब आणि पुरुषांचा रॉयल गोल्फ क्लब यांनी गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इक्स यांच्याकडे अर्ज केला की सरकारी मैदाने सर्वांना खुली करा. तिकडच्या गृहखात्याकडे पोलीस नसतात. जमिनी, जंगले आणि उद्याने असतात.

मागितली होती सगळी मैदाने. मिळाले एक नवे, वेगळे. कचरा टाकायच्या जुन्या जागेवर, नऊ होलचे. 1939 च्या जूनमध्ये ते उघडले. नाव दिले जॉन मर्सर लँगस्टन यांचे. 1829 साली जन्मलेले हे गृहस्थ वकील, हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे पहिले डीन आणि व्हर्जिनियातून काँग्रेसवर निवडून गेलेले पहिले काळे सदस्य. शेजारीच त्यांच्याच नावाची वसाहत आहे, लँगस्टन टेरेस. काळे वास्तुरचनाकार हिलियार्ड रॉबिन्सन यांनी आखलेली ही सरकारी घरे 1938 सालची. त्याच 1939 च्या एप्रिलमध्ये मरियन अँडरसन या गायिकेला शहरातले मोठे सभागृह रंगामुळे नाकारले गेले, तेव्हा इक्स यांनीच लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर त्यांचे गाणे होऊ दिले. सुमारे 75 हजार माणसे ऐकायला जमली. त्यामुळे इक्स यांना एकदम खलनायक ठरवता येत नाही. पण वेगळे मैदान देऊन प्रश्न मिटेल असे त्यांना किंवा त्यांच्या खात्याला वाटले असेल, तर तो मिटला नाही.

1941 च्या जूनअखेर तीन काळे खेळाडू थेट ईस्ट पोटोमॅकवर गेले. आता आपण जिथे नातवंडांना मिनी गोल्फ खेळवतो तिथेच. हुल्लडबाज मागे लागले, पोलिसांच्या संगतीत त्यांना खेळ पुरा करावा लागला. तक्रारी मंत्र्यांपर्यंत गेल्या. इक्स यांनी या वेळी स्पष्ट भूमिका घेतली: हेही नागरिक आहेत, करही भरतात, मग सरकारी मैदान त्यांना बंद कसे? कागदावर तरी राजधानीतली मैदाने त्या दिवसांत सर्वांची झाली. बाकी देशाला वेळ लागला. अटलांटातल्या होम्स घराण्यातले वडील डॉक्टर. ते आणि त्यांची मुले शहराच्या मैदानावर गेली तर परत पाठवली. ते न्यायालयात गेले आणि 1955 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रोझा पार्क्स बसमध्ये जागेवरून न उठण्याची घटना त्यानंतर महिन्याभराच्या आतली. ती आपल्या मुलांच्या पुस्तकात असते, होम्स कुटुंब नसते. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने तर फक्त गोऱ्यांनाच सभासद करून घेण्याचे कलम 1961 साली काढले.

लँगस्टन 1955 साली अठरा होलचे झाले. ली एल्डर इथल्या मैदानावर खेळत असत. 1975 साली ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत खेळणारे ते पहिले काळे खेळाडू. जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, म्हणून त्या आठवड्यात त्यांनी दोन घरे भाड्याने घेतली होती, कुठे झोपतात ते कळू नये यासाठी. इतके नाव झाल्यावर माणूस मोठ्या क्लबात जाऊन बसला असता. त्यांनी 1978 साली पत्नी रोझ यांच्यासह लँगस्टन चालवायला घेतले. 2021 च्या एप्रिलमध्ये त्याच ऑगस्टाने त्यांना मानाने पहिल्या टीवर बोलावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

हे सगळे माहीत करून घेऊन लँगस्टनला जावे, म्हणजे तिथे बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. ते रोज येतात. सगळे खेळतातच असे नाही. कोणी टपाल खात्यातून निवृत्त, कोणी शाळेतून. आमच्याकडच्या चावडीसारखेच बसणे, फक्त डोक्यावर टोप्या वेगळ्या. आम्ही बाजूला बसलो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, मुले किती? दुसरा, आज हवा कशी वाटते? चहाऐवजी कागदी पेल्यातली कॉफी.

सूनबाई डोक्यावर रुमाल बांधते. तिला भीती होती की पोशाखाचे काही नियम असतील. कोणी वळूनही पाहिले नाही. उलट काठी कशी धरायची हे एका आजीबाईंनी स्वतः उठून दाखवले. या खेळात एकटा-दुकटा आला तर त्याला दुसऱ्या एकट्या-दुकट्याबरोबर घालून चौघांचा गट करतात. चार-साडेचार तास अनोळखी माणसांबरोबर चालायचे. पंच नसतो, आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट देऊन पक्क्याच्या बरोबरीला आणतात, त्यामुळे सासरा, सून आणि परका माणूस असे तिघे खरोखरच एकत्र खेळू शकतात. आमच्या मुलाचे त्या शहरातले दोन जवळचे मित्र अशाच गटातून मिळाले आहेत, कार्यालयातून नव्हेत. शनिवारी सकाळी मुलांची शिकवणी असते. आठ-नऊ वर्षांच्या मुली आपल्यापेक्षा लांब काठ्या घेऊन उभ्या असतात, ते बघायलाच जावे.

जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात सकाळी लवकर जावे, दुपारचा दमटपणा आपल्या कोकणालाही हरवतो. पाणी आणि टोपी घरून न्यावी. खेळणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि कोणी ‘फोर’ असे ओरडले की मान वर करून बघण्याऐवजी डोके हातांनी झाकून वाकावे.

आपल्या देशातही हा प्रयोग झालेला आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने लाडो सराईला, कुतुबमिनारच्या सावलीत म्हणावे असे, सार्वजनिक गोल्फ मैदान केले. ते 2000 साली सुरू झाले आणि भारतातले पहिले सार्वजनिक मैदान म्हणून ओळखले जाते. पण आम्हाला गावोगाव गोल्फ नको आहे. एवढी जमीन आणि एवढे पाणी आपल्या तालुक्याच्या गावांना परवडणारे नाही, ते मागूही नये.

आमच्या गावात एकच मैदान उरले आहे. मुले क्रिकेट खेळतात, फजरनंतर म्हातारे चालतात, संध्याकाळी मुलींना खेळायला तेवढी एकच मोकळी जागा. तिथे दुकानांचे गाळे काढायची चर्चा गेल्या वर्षीपासून चालू आहे. परत आल्यावर आम्ही काही शेजाऱ्यांना घरी बोलावले. अर्ज तयार झाला आहे. मोहल्ल्यातल्या आणि पलीकडच्या आळीतल्या मिळून एकसष्ट सह्या झाल्या, त्यातल्या चौतीस बायकांच्या आहेत. पुढच्या सोमवारी तो द्यायला जायचे आहे.