गोबर-गॅस संयंत्राचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या घरी शेणास दोन मागण्या असतात : चुलीस गोवरी हवी आणि शेतास खत. गोवरी जाळली की शेणातील नत्र धुरावाटे निघून जाते व जमीन उपाशी राहते. गोबर-गॅस संयंत्रात शेण हवाबंद कुजते. त्यातून ज्वलनशील वायू मिळतो आणि नत्र मळीत शिल्लक राहते. एकाच शेणाचा असा दुहेरी उपयोग होतो.

आता हिशेब पाहू. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. दर मोठ्या जनावरामागे दहा किलो शेण धरल्यास पाच जनावरे हवीत. महिन्याचा ६० घनमीटर वायू म्हणजे १४.२ किलोच्या सुमारे पावणेदोन सिलिंडरांइतके इंधन. जो सरपण विकत घेतो, त्याची ही रोख बचत होय. जो काटक्या वेचून आणतो, त्याचा पैसा फारसा वाचत नाही; मात्र घरातील स्त्रियांचे श्रम वाचतात व डोळ्यांचा धूर टळतो. त्याच्या जमाखर्चात मळीच्या खताची किंमत अवश्य धरावी.

जनावरे दिवसभर चरावयास गेल्यास निम्मे शेण रानात पडते. थंडीत वायूही घटतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी आठ दिवस गोठ्यातील शेण प्रत्यक्ष वजन करून पाहावे. शेणाच्या मानाने मोठे संयंत्र बांधल्यास वायू वाढत नाही, कर्ज मात्र वाढते.