सोळाचा पेच

पत्त्यांचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ब्लॅकजॅक मुळात बेरजेचा खेळ आहे. चित्रांचे १० गुण, एक्क्याचा १ किंवा ११. बेरीज २१ च्या जवळ न्यायची; ओलांडली की बुडालो. डीलरचा एक पत्ता उघडा असतो. त्याने १६ पर्यंत पत्ता घ्यायचाच, १७ ला थांबायचे. आपण आधी बुडालो, तर मागाहून तो बुडाला तरी पैसे गेलेच. जुगारघराची खरी कमाई इथेच!

एक्क्याविना आपले १६ झाले, तर १३ पैकी ८ प्रकारचे पत्ते बुडवतात. डीलरचा ६ दिसत असेल तर थांबावे. तोच बुडण्याचा संभव बराच. १० दिसत असेल तर मात्र पत्ता घ्यावा. दोन्हीकडे बहुधा हारच, पण घेतल्यास किंचित कमी. चार अमेरिकी सैनिकांनी साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून ही रीत १९५६ साली प्रसिद्ध केली.