यकृतातील मेद आणि आहारातील द्रव्ये

मद्याला कधीही न शिवलेल्या गृहस्थाच्या यकृतात मेद साचला आहे असे तपासणीत आढळले, की घरात प्रथम आश्चर्य व मागाहून संकोच पसरतो. वस्तुतः दोहोंसही कारण नाही. यकृतातील मेद शेकडा ५ हून अधिक झाला, की त्यास 'फॅटी लिव्हर' म्हणतात. मद्य न घेणाऱ्यांच्या यकृतातील मेदजन्य दाहास अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनी १९८० साली स्वतंत्र नाव दिले. भारत सरकारनेही २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

यकृत ही शरीराची पेढीच होय. अन्नातून येणारी आवक वाढावी व खर्च मात्र गादीवर बसून घटावा, म्हणजे शिल्लक मेदरूपाने साठते. साखरेचा अर्धा भाग असलेले फ्रुक्टोज मुख्यतः यकृतातच पचविले जाते व जास्त झाल्यास त्याचा मेद बनतो. शाकाहारी घरातही मिठाई, मैदा व तळण यांच्या द्वारे हा विकार शिरतो तो असा.

साठलेला मेद बाहेर धाडण्यास कोलीन नावाचे द्रव्य लागते. इन्सुलिनच्या शोधातील एक शास्त्रज्ञ चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात टोरांटो येथे प्राण्यांवर प्रयोग करून हे दाखविले. सोयाबीन, हरभरा, भुईमूग व दूध यांतून कोलीन मिळते. तथापि आजचे बहुतेक रुग्ण कोलीनच्या उणिवेचे नसून अतिरिक्त आहाराचे आहेत, हे विसरता कामा नये.

हळदीचा विषय आपल्या व्यापाराच्या अधिक जवळचा आहे. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्यातील कर्क्यूमिनने यकृतातील मेद काहीसा घटतो, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. परंतु हे द्रव्य आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पिपरीन सोबत दिल्यास ते शोषण २० पट वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. येथेच सावधगिरी हवी. स्वयंपाकातील चिमूटभर हळद निराळी व तीव्र अर्काची गोळी निराळी. अशा गोळ्यांनी काही लोकांच्या यकृतास इजा झाल्यामुळे इटलीत २०२२ साली त्यांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. हिरव्या चहाच्या तीव्र अर्कानेही अशी इजा झालेली आहे.

जीवनसत्त्व 'ई'चा एक मोठा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेल्या रुग्णांचा दाह त्याने कमी झाला. यकृताचे तंतुमय काठिण्य मात्र लक्षणीय घटले नाही. तेही वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

मग खात्रीचा उपाय कोणता? स्थूल व्यक्तीने वजन शेकडा ५ ने उतरविल्यास मेद घटतो, ७ ते १० ने उतरविल्यास दाहही ओसरू लागतो. मात्र हे सावकाश व्हावे. झपाट्याने वजन उतरविल्यास यकृताचा दाह वाढू शकतो. नित्य चालणे, गोड पेयांचा त्याग आणि मैद्याऐवजी ज्वारी व कडधान्ये, इतके प्रत्येक घरास शक्य आहे.

शेवटी व्यापारी बंधूंस एक विनंती. आपल्या दुकानातून हळद अवश्य विकावी. 'यकृत शुद्ध करणारी' म्हणून मात्र विकू नये. ग्राहकाचा विश्वास हेच आपले भांडवल आहे, आणि येथे तर त्याचे आरोग्यही त्याच तराजूत आहे.