पेरूच्या नावाचं कोळ्यांचं गाव

दोस्तांनो, सुट्टीतला एखादा दिवस नुसता लोळण्यात घालवायचा, हा बेत कुणाला आवडणार नाही? चला तर, आज जरा लांब जाऊन लोळू या. घरातला नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेच्या वर, कॅरिबियन समुद्राच्या कडेला ग्रेनाडा नावाचा ठिपका शोधा. सगळा देश मिळून अवघा ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान! वेस्ट इंडीजचा क्रिकेट संघ ज्या देशांचा मिळून बनतो, त्यातलाच हा एक. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्वाव्ह हे कोळ्यांचं गाव आहे. नाव आलंय फ्रेंच भाषेतून आणि अर्थ काय, तर पेरू!

समजा, तिथे सकाळचे नऊ वाजलेत. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. समुद्र कसा शांत आहे! इथे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो आणि मधले डोंगर तो अडवतात, म्हणून या बाजूला लाटांचा धिंगाणा कमी. वाळूवर रंगीत होड्या, सावलीत पेंगणारी, गप्पा छाटणारी माणसं. तुम्ही म्हणाल, "अरे वा, हे तर आमच्याहून आळशी!"

थांबा बरं जरा. तुम्ही गाढ झोपेत असता, तेव्हा इथले कितीतरी जण भर समुद्रात असतात. ग्वाव्हचे कोळी कुपा, म्हणजेच टूना मासा, पकडण्यात पटाईत. त्यासाठी ते लांबच लांब दोर वापरतात. दोराला ठरावीक अंतरावर गळ लावलेले असतात आणि तो बुडू नये म्हणून वर तरंगते बांधलेले असतात. असा काही किलोमीटर लांबीचा दोर पाण्यात सोडायचा, वाट बघायची आणि पुन्हा ओढून घ्यायचा. मिळालेला कुपा ताबडतोब बर्फात ठेवावा लागतो. ताजा राहिला तरच त्याला भाव चांगला मिळतो. 'कधीही न झोपणारं गाव' अशी ग्वाव्हची ख्याती आहे, ती उगीच नाही!

या गळांना लावायला छोटे मासे लागतात. ते पकडायची तऱ्हा तर बघा. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि मग दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. कोकणातल्या मुलांनी ओळखलं असेल. ही तर आपली रापण!

आणि या 'पेंगणाऱ्या' गावातला एक मुलगा काय धावला, ठाऊक आहे? किरानी जेम्सने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरची शर्यत ४३.९४ सेकंदांत जिंकली. ग्रेनाडाचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, आणि तेही सुवर्ण!

दुपारी गावात शिरलात, की एक ओळखीचा वास येईल. श्रीखंडाचा? छे, जायफळाचा! ग्रेनाडाच्या झेंड्यावरही जायफळ आहे. ग्वाव्हच्या जायफळ केंद्रात बिया सावलीत काही आठवडे वाळवतात. मग कवच फोडून आतलं जायफळ पाण्यात टाकतात. जे बुडतं ते उत्तम, जे तरंगतं ते हलक्या प्रतीचं. किती सोपी परीक्षा!

पण जायफळाचं झाड वाढवणं सोपं नाही. पहिलं फळ यायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. तुम्ही पहिलीत असताना लावलेलं झाड तुम्ही आठवीत जाल तेव्हा फळणार! त्यातून याची मुळं फार खोल नसतात. सप्टेंबर २००४ मध्ये 'इव्हान' चक्रीवादळ आलं आणि देशातली बहुतेक जायफळाची झाडं एका दिवसात गेली. लोकांनी पुन्हा रोपं लावली आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. ती झाडं फळं देऊ लागली आणि १ जुलै २०२४ ला 'बेरिल' वादळ थडकलं. देशाच्या उत्तर भागात पुन्हा झाडं आडवी झाली. अशा वेळी घर चालतं ते समुद्राच्या जिवावर. पण वादळात होड्याही फुटतात. म्हणून इथल्या माणसांना झाड आणि समुद्र, दोन्ही सांभाळावं लागतं.

दिवस शुक्रवारचा असेल, तर संध्याकाळी निघायची घाई करू नका. त्या दिवशी इथे मासळीची जत्राच असते. तळलेले, भाजलेले मासे, संगीत आणि गर्दी! सकाळी सावलीत डुलक्या घेणारी माणसं आता हसत-खिदळत असतात. त्यांची ती सकाळची डुलकी रात्रभर कष्ट करून कमावलेली होती, हे आता तुम्हाला कळलंच असेल.

जाता जाता एक गंमत. आईला विचारून मसाल्याच्या डब्यातलं जायफळ वाटीभर पाण्यात टाका. बुडतं की तरंगतं ते बघा. आणि ते कोरडं करून डब्यात ठेवताना आठवा, त्याच्यासाठी कुणीतरी कुठेतरी सात वर्षं वाट पाहिली आहे!