काये ओचो : घासागणिक उलगडणारा निर्वासितांचा इतिहास

अमेरिकेतील मायामी शहराच्या नकाशावर ‘नैर्ऋत्य आठवा रस्ता’ असे एक साधे नाव आढळते. तेथील रहिवासी मात्र त्याला स्पॅनिशमध्ये ‘काये ओचो’ म्हणतात. ‘लिटल हवाना’ या क्यूबन वस्तीचा हा मुख्य रस्ता. त्याच्या जेमतेम किलोमीटरभर पट्ट्यात मार्गदर्शकाबरोबर पायी हिंडत, पाच-सहा ठिकाणी थोडे थोडे खात केलेली दोन-अडीच तासांची खाद्यफेरी हे आज मायामीचे मोठे आकर्षण आहे. पैसे आधीच भरलेले असतात आणि प्रत्येक दुकानात पदार्थ तयार ठेवलेला असतो. या फेरीत पोट तर भरतेच. पण एक देश आपली माणसे कशी गमावतो आणि ती माणसे आपला देश ताटात कसा जपतात, हेही उमगते.

१९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती यशस्वी झाली आणि क्यूबातून लोक बाहेर पडू लागले. १९६० ते १९६२ या काळात १४ हजारांहून अधिक मुलांना आईवडिलांविना विमानाने अमेरिकेत पाठविण्यात आले. १९६५ ते १९७३ दरम्यानच्या ‘स्वातंत्र्य उड्डाणां’नी सुमारे तीन लाख लोकांना आणले, तर १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी आले. मायामीच्या या भागात पूर्वी ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. ती उपनगरांकडे सरकू लागल्याने येथे घरे स्वस्तात मिळत होती. क्यूबन निर्वासितांनी तेथेच बिऱ्हाडे थाटली. ‘लवकरच परत जायचे आहे’ या भावनेने मांडलेले हे संसार पुढे कायमचे झाले.

खिडकीतली कॉफी

फेरीत कॉफीचा थांबा बहुधा चुकत नाही. उपाहारगृहाच्या रस्त्याकडील भिंतीत एक खिडकी असते. तिला ‘व्हेन्तानिता’ म्हणतात. येथे मिळणारी कॉफी अतिशय कडक आणि गोड असते. कॉफीचे पहिले थेंब साखरेत घोटून फेस तयार करतात आणि उरलेली कॉफी त्यावर ओततात. ‘कोलादा’ मागितल्यास एका मोठ्या पेल्याबरोबर चार-पाच चिमुकले पेले हाती येतात, कारण ही कॉफी एकट्याने प्यायची नसून वाटून घ्यायची असते. या खिडक्यांपुढेच क्यूबाच्या राजकारणावर वर्षानुवर्षे वाद रंगले. १९७१ साली सुरू झालेले ‘व्हर्साय’ हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध उपाहारगृह. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्ट्रो यांच्या निधनाची बातमी येताच रात्रीच लोक जमले ते त्याच्यासमोर. हे ठिकाण याच रस्त्यावर, पण पश्चिमेला तीनेक किलोमीटर दूर असल्याने पायी फेरीत सहसा येत नाही.

ताटातली सरमिसळ

क्यूबन सँडविचमध्ये भाजलेले डुकराचे मांस, हॅम, स्विस चीज, लोणच्यातील काकडी आणि मोहरीची चटणी असते. हे सारे लांबट पावात घालून गरम तव्याखाली दाबतात. त्याच्या जन्मस्थानावरून फ्लोरिडातील दोन शहरांत जुना वाद आहे. टाम्पा येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारच्या कारखान्यांत क्यूबन कामगार होते. त्यांच्या शेजारच्या इटालियनांमुळे तेथील सँडविचमध्ये सलामी आली, असे सांगतात. मायामीकर ती निषिद्ध मानतात.

‘रोपा व्हिएखा’ या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘जुने कपडे’. गोमांस मऊ शिजवून त्याचे धागे काढतात आणि टोमॅटो, ढोबळी मिरचीच्या रश्शात घोळवतात. क्यूबात गुरांच्या कत्तलीवर सरकारचे कडक नियंत्रण राहिले आणि गोमांस सामान्यांच्या ताटातून जवळपास नाहीसे झाले. मायदेशात दुर्मिळ झालेला हा पदार्थ परदेशी वस्तीत मात्र रोजचा राहिला.

मराठी पाहुण्याला ओळखीची चवही येथे भेटते. ‘ग्वारापो’ म्हणजे चक्क उसाचा रस. गोव्यातील ‘पेराद’ची आठवण करून देणारी पेरूची घट्ट वडी खुसखुशीत पापुद्र्यांच्या ‘पास्तेलितो’मध्ये भरतात. शाकाहारी व्यक्तींनी मात्र नावनोंदणी करतानाच तसे कळवावे. काळ्या घेवड्याच्या उसळीतही अनेकदा मांस असते.

दोन घासांच्या मध्ये

खाण्याच्या थांब्यांमधील ठिकाणेही तितकीच बोलकी आहेत. १९२६ मध्ये उघडलेल्या ‘टॉवर थिएटर’ने साठच्या दशकात इंग्रजी चित्रपट स्पॅनिश उपशीर्षकांसह दाखविले, आणि अनेक निर्वासित तेथे अमेरिकी बोली ऐकत ती शिकले. शेजारच्या माक्सिमो गोमेझ उद्यानात वृद्ध मंडळी डोमिनोचे डाव मांडून बसलेली दिसतात. तेराव्या अव्हेन्यूवर १९६१ च्या ‘बे ऑफ पिग्ज’ मोहिमेत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ ज्योत तेवते. सिगारच्या दुकानांत पाने हाताने वळली जातात, पण तंबाखू क्यूबाचा नसतो. १९६२ पासूनच्या व्यापारबंदीमुळे तो निकाराग्वा, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा देशांतून येतो.

वस्ती कोणाची?

ज्या वस्तीची कथा मार्गदर्शक सांगतो, ती वस्तीही बदलली आहे. आर्थिक स्थिती सुधारताच अनेक क्यूबन कुटुंबे अन्य उपनगरांत गेली. १९८० च्या दशकापासून निकाराग्वा, होंडुरास आदी मध्य अमेरिकी देशांतील लोक येथे आले. भाषा स्पॅनिशच राहिली, पण घरोघरच्या चुलीवरची चव बदलली. दुसरीकडे शहराच्या मध्यभागाजवळील जमिनीची किंमत वाढत गेली. जुनी बैठी घरे पाडून उंच इमारती उभ्या राहण्याच्या भीतीने अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तुजतनाच्या राष्ट्रीय न्यासाने २०१५ मध्ये लिटल हवानाचा समावेश देशातील सर्वाधिक धोक्यातील ११ स्थळांच्या यादीत केला. २०१७ मध्ये न्यासाने तिला ‘राष्ट्रीय ठेवा’ घोषित केले.

खाद्यफेरीचे दुहेरी स्वरूप येथे लक्षात येते. फेरीमुळे छोट्या दुकानांना गिऱ्हाईक मिळते आणि जुन्या पाककृती टिकण्यास हातभार लागतो. परंतु गर्दीबरोबर भाडेही वाढते आणि त्याची झळ पहिल्यांदा बसते ती तेथे राहणाऱ्या भाडेकरूंना. म्हणूनच फेरी संपल्यावर लगेच बसमध्ये न चढता मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत जावे आणि एखाद्या निकाराग्वन खानावळीत जेवावे. निर्वासितांच्या या वस्तीचे पुढले पान तेथे लिहिले जात आहे.