लांब पल्ल्याची धांव

गेल्या क्रीडासंमेलनाच्या दिवशीं आमच्या शाळेच्या पटांगणावर तीन हजार मीटरची शर्यत झाली. नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी पहिल्या दोन फेऱ्यांत सर्वांच्या पुष्कळ पुढें होता. पांचव्या फेरीस त्याच्या कुशींत चमक भरली, सहाव्या फेरीस तो मार्ग सोडून कडुलिंबाखालीं जाऊन बसला, आणि मुलांमध्यें हंशा पिकला. दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील मजकडे आले. "सर, चार लोकांत हसें झालें. धांवणें आतां पुरे, तेवढ्या वेळांत अभ्यास करील तर बरें," असें ते म्हणाले. त्या वेळीं मी त्यांना नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें विचार करितां जें सुचलें तें येथें लिहीत आहें. तें त्या गृहस्थांप्रमाणें इतर पालकांच्याही उपयोगीं पडावें.

प्रथम हौशी धांवपटू कोणास म्हणावें तें पाहूं. धांवणें हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग नाहीं, जो आपली नोकरी, शेत किंवा दुकान सांभाळून उरलेल्या वेळांत धांवतो, तो हौशी. ह्या शब्दांत कमीपणा मुळींच नाहीं. आपल्या देशांतून ऑलिंपिक सामन्यांस जो पहिला संघ गेला तो अशाच हौशी मंडळींचा होता, व त्याची हकीकत आपल्या महाराष्ट्रांतच सुरू होते.

पुणें येथील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. १९१९ सालीं तिच्या क्रीडासामन्यांचें अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा ह्यांजकडे होतें. लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेले बहुतेक तरुण शेतकरी वर्गांतील होते. पायांत बूट नाहींत, शिक्षक नाहीं, खाणेंपिणें साधें. तरीहि खडबडीत रस्त्यावरून ते ज्या वेळांत धांवले तो वेळ पाहून सर दोराबजी चकित झाले, कारण युरोपांतील धांवपटूंच्या वेळेशीं त्याची तुलना करितां येण्याजोगी होती. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड हेहि त्या समारंभास उपस्थित होते. त्यांच्या साह्यानें व स्वतःच्या पैशानें सर दोराबजींनीं सहा जणांना १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस पाठविलें. त्यांत चार धांवपटू व दोन कुस्तीगीर होते. त्या काळीं आपल्याकडे ह्या गोष्टींचें ज्ञान किती थोडें होतें ह्याविषयीं एक गोष्ट सांगतात. शंभर मीटर अंतरास ऑलिंपिकमध्यें किती वेळ लागत असेल असें समितींत विचारलें असतां, एक किंवा दोन मिनिटें, असें उत्तर कोणीं दिलें म्हणे! तेथें हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा, व सेकंदाच्या अंशांचा असतो, हें त्यांना समजावून द्यावें लागलें.

त्या चौघांपैकीं दोघे मॅरेथॉन शर्यतीसाठीं उतरले: बेळगांवचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार. ह्या शर्यतीचें अंतर त्या वेळीं अद्याप पक्कें ठरलेलें नव्हतें. १८९६ सालीं अथेन्स येथें तें सुमारें ४० किलोमीटर होतें. १९०८ सालीं लंडन येथें २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर धरण्यांत आलें, आणि तेंच माप १९२१ सालीं कायम झालें. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्या मापाहून अर्ध्या किलोमीटरनें अधिक होता. २२ ऑगस्ट १९२० रोजीं थंड व पावसाळी हवेंत ही शर्यत झाली. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. ह्याच पुरुषानें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें तीन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. १९१६ चे सामने महायुद्धामुळें झालेच नाहींत, व ऐन उमेदीचीं वर्षें हातचीं गेलीं. मग त्यानें पल्ला बदलून मॅरेथॉन हातीं घेतली. फडेप्पा चौगुले ह्यांनीं २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत अंतर पुरें करून १९ वा क्रमांक मिळविला. हिशेब केल्यास दर किलोमीटरास जवळ जवळ चार मिनिटें पडतात. आमच्या दहावींतील चपळ मुलानें एक किलोमीटर चार मिनिटांत धांवून पाहावें, आणि मग तसेच आणखी एक्केचाळीस कल्पावे, म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ ध्यानीं येईल.

सदाशिव दातार शर्यत पुरी करूं शकले नाहींत. निकालाच्या तक्त्यांत त्यांच्या नांवापुढें वेळ लिहिलेला नाहीं. परंतु ज्या सहा नांवांनीं हिंदी संघाचा ऑलिंपिक इतिहास आरंभ पावतो त्यांत दातारांचें नांव आहे, व तेथून तें कोणींहि खोडलेलें नाहीं. कडुलिंबाखालीं बसलेल्या आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मला पहिली गोष्ट सांगावयाची ती हीच.

दुसरी गोष्ट शरीरशास्त्राची आहे. धांवपटू मध्येंच कां थांबतो? भित्रेपणानें, असें पाहणाऱ्यांस वाटतें. खरा प्रकार निराळा आहे. आपल्या स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन नांवाच्या रूपानें साखरेचा साठा असतो. तो साधारण चारशें ते पांचशें ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन हजार कॅलरी शक्ति देणारा असतो. धांवतांना दर किलोमीटरास, शरीराच्या वजनाच्या दर किलोमागें, अंदाजें एक कॅलरी खर्च होते. साठ किलो वजनाच्या मनुष्यास मॅरेथॉनसाठीं अडीच हजार कॅलरी लागतील. शिलकेहून खर्च अधिक झाला! चरबींतून शक्ति मिळते खरी, पण ती सावकाश मिळते. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पुष्कळांचे पाय एकाएकीं शिशाचे झाल्यासारखे होतात. जो आरंभीं वेगानें धांवतो तो साखर अधिक जाळतो व ही वेळ लवकर ओढवून घेतो.

तीन हजार मीटरांत साठा संपत नाहीं, पण चूक त्याच जातीची होते. आरंभींच फार वेग घेतला कीं श्वासावाटे येणारा प्राणवायु स्नायूंस पुरत नाहीं, त्यांना प्राणवायूवांचून शक्ति निर्माण करावी लागते, आणि ही उधारी फार थोडा वेळ चालते. आमचा विद्यार्थी पहिल्या दोन फेऱ्यांतच ती उधारी करून बसला होता. हें त्याला आधीं कोणीं सांगावयाचें? आम्ही शिक्षकांनीं. तेव्हां हंशांतील अर्धा वांटा आमच्याकडे येतो, हें कबूल केलें पाहिजे.

ही कबुली मला अनुभवानेंच देतां येते. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं मी प्रथम अर्ध मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतींत उतरलों. आजूबाजूचे तरुण पुढें जात आहेत असें पाहून मलाहि राहवलें नाहीं. सोळाव्या किलोमीटरास दोन्हीं पोटऱ्यांत गोळे आले. उरलेलें अंतर मी कांहीं चालत, कांहीं लंगडत पुरें केलें. मला मागें टाकून गेलेल्यांत माझाच एक जुना विद्यार्थी होता, व त्यानें जातां जातां मोठ्या आदरानें "नमस्कार सर" म्हटलें तें मला गोळ्यांपेक्षां अधिक झोंबलें.

आपल्या शहरांत अशी मंडळी आतां थोडीं नाहींत. पहाटे साडेपांचास विद्यापीठाच्या आवारांत, गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशीं, छावणीच्या रस्त्यांवर किंवा हिमायत बागेच्या बाजूस गेल्यास बँकेंतील कारकून, परिचारिका, डॉक्टर, दुकानदार असे सर्व वयांचे लोक धांवतांना दिसतात. एप्रिल व मे महिन्यांत येथें उष्मा चाळीस अंशांवर जातो, म्हणून उजाडण्यापूर्वींच निघावें लागतें. धांव संपल्यावर ते चहाच्या टपरीशीं उभे राहतात, आणि जी बोलणीं होतात तीं मला एखाद्या वर्गापेक्षां कमी वाटत नाहींत. तेथें कोणी आपल्या विजयाची गोष्ट क्वचित् सांगतो. सांगावयाचें असतें तें काय चुकलें तें. एका कारकुनाची टांच सकाळीं उठतांना दुखे. त्यानें ती तशीच दडपली व अखेर दोन महिने घरीं बसला. एका परिचारिकेनें बाळंतपणानंतर पुन्हां आरंभ केला तो एक मिनिट धांवणें व दोन मिनिटें चालणें अशा रीतीनें. वर्ष संपतां संपतां ती दहा किलोमीटर न थांबतां धांवूं लागली. एका वृद्ध पोस्टमननें मला सांगितलें, "सर, पहिले पांच किलोमीटर लोकांना पुढें जाऊं द्या. शेवटचे पांच तुमचे." एवढें मला आधीं ठाऊक असतें तर!

टांच किंवा नडगी दुखण्याचें कारणहि समजण्यासारखें आहे. नियमित धांवूं लागल्यावर छाती व स्नायु कांहीं आठवड्यांत सुधारतात, परंतु स्नायुबंध व हाडें बळकट होण्यास महिने लागतात. मनुष्यास दम पुरूं लागतो, म्हणून तो अंतर वाढवितो, आणि हाडें मागेंच राहिलेलीं असतात. म्हणून अंतर हळूहळू वाढवावें, व एकाच जागीं रोज दुखूं लागलें तर थांबावें. पाण्याविषयींहि एक गैरसमज आहे. घामावाटें पाण्याबरोबर मीठहि जातें. तासन् तास नुसतें पाणीच तहानेवांचून पीत राहिल्यास रक्तांतील मिठाचें प्रमाण घटून जिवावर बेतूं शकतें. तहान लागेल तितकें प्यावें, व लांबच्या धांवेंत थोडें मीठ व साखर पोटांत जाऊं द्यावी.

पालकांस एक उदाहरण आपल्याच मराठवाड्यांतील देतों. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा. घरची गरिबी, व शाळा सहा किलोमीटर दूर. तें अंतर तो चालत किंवा धांवत जाई. बारावीनंतर तो सैन्यांत गेला, सियाचिनच्या बर्फांत राहिला, आणि धांवण्याकडे खरोखर वळला तो १९१५ सालच्या नव्हे, आपल्याच काळांतील २०१५ सालच्या सुमारास, म्हणजे विशीं ओलांडल्यावर. हौशीपणाची मर्यादा ओलांडून तो पुढें गेला हें खरें, पण त्याचा आरंभ आपल्यासारखाच आहे. त्याची शर्यत स्टीपलचेस नांवाची. तीन हजार मीटरांत अठ्ठावीस अडथळे व सात वेळां पाण्याचा खळगा ओलांडावा लागतो. पुरुषांचा अडथळा सुमारें ९१ सेंटिमीटर उंच असतो व तो आडवा पडत नाहीं, अडखळणारा मनुष्यच पडतो.

साबळेच्या यशाची यादी सर्वांस ठाऊक आहे. मला दुसरी यादी अधिक महत्त्वाची वाटते. २०१९ सालीं दोहा येथें प्राथमिक शर्यतींत इतर धांवपटूंच्या पडझडींत तो अडकला. तक्रार मान्य होऊन त्यास अंतिम शर्यतींत घेण्यांत आलें व तेथें तो तेरावा आला. २०२१ सालीं टोकियो येथें त्यानें ८ मिनिटें १८.१२ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम शर्यतींत त्याला जागा मिळाली नाहीं. म्हणजे आयुष्यांतील सर्वांत जलद धांव, आणि हातीं कांहीं नाहीं! पुढच्याच वर्षीं बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत, जेथें १९९८ पासून २०१८ पर्यंत ह्या शर्यतीचीं तिन्हीं पदकें प्रत्येक वेळीं केनियाकडे गेलीं होतीं, तेथें त्यानें रौप्यपदक घेतलें; सुवर्णपदक अवघ्या पांच शतांश सेकंदांनीं हुकलें. २०२३ सालीं हांगझोऊ येथें आशियाई सुवर्णपदक, २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत अकरावा क्रमांक, आणि जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथें शर्यतींत पडून गुडघ्यास मोठी इजा. जगांतील उत्तम धांवपटूंपैकीं एक अशा मनुष्याची ही हकीकत आहे, मग नववींतल्या मुलाची सहावी फेरी ती काय?

मुलींच्या आईबापांनीं ललिता बाबर हिची हकीकत मुद्दाम वाचावी. सातारा जिल्ह्यांतील मोही ह्या दुष्काळी गांवची ही मुलगी मुंबई मॅरेथॉनमध्यें हिंदी स्त्रियांत तीन वेळां पहिली आली, नंतर स्टीपलचेसकडे वळली, व २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत दहावी आली.

आमच्यासारख्या मिशनच्या शाळेंत एरिक लिडेलचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. मिशनरी आईबापांच्या पोटीं चीनमध्यें जन्मलेल्या ह्या तरुणानें १९२४ सालीं पॅरिस येथें शंभर मीटरची शर्यत, तिची प्राथमिक फेरी रविवारीं म्हणून, सोडून दिली व चारशें मीटर जिंकली, हें सर्वजण सांगतात. त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट मात्र थोडक्यांस माहीत असते. इंग्लंडमधील एका चारशें चाळीस यार्डांच्या शर्यतींत धक्का लागून तो आरंभींच पडला. उठेपर्यंत इतर वीस यार्ड पुढें गेले होते. तो उठला, धांवला व पहिला आला. पुढें चीनमध्यें शिक्षक म्हणून काम करीत असतां, १९४५ सालीं, जपान्यांच्या बंदिछावणींत त्याचा अंत झाला. पौलानें करिंथकरांस पत्र लिहितांना धांवण्याच्या शर्यतीचा दृष्टांत घेतला तो उगीच नव्हे. करिंथ नगराजवळच दर दोन वर्षांनीं मोठे सामने भरत, व पत्र वाचणाऱ्यांनीं धांवणारे, जिंकणारे व पडणारे सर्वच पाहिलेले असत.

असो. हें सर्व मीं त्या गृहस्थांस त्यांच्या दुकानीं जाऊन, इतक्या विस्तारानें नव्हे, पण सांगितलें. मुलास आम्ही नवा क्रम आंखून दिला आहे: आठवड्यांतून चार दिवस, पहिले दोन आठवडे फक्त वीस मिनिटें, व तेंहि शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें, पुढच्या शर्यतींत पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम सर्वांच्या मागें. वडिलांनीं सर्व ऐकून घेतलें, परीक्षेच्या महिन्यांत सुटी द्यावी अशी अट घातली, व ती मीं मान्य केली. मग बुटांना किती पैसे पडतील, एवढेंच त्यांनीं विचारलें.