पायथनचे स्ट्रक्ट मॉड्यूल: बाइट वाचायचे कसे?

फाइलच्या पोटात

बीएमपी प्रकारचे चित्र नोटपॅडमध्ये उघडले, तर सुरुवातीला ‘बीएम’ ही दोन अक्षरे दिसतात आणि पुढे नुसती गिचमीड. त्या गिचमिडीत शिस्त असते. पहिले १४ बाइट हे फाइलचे हेडर. त्यात २ बाइट त्या अक्षरांचे, ४ बाइटांत फाइलचा आकार, २-२ बाइटांच्या दोन राखीव जागा आणि शेवटच्या ४ बाइटांत चित्राचा डेटा कुठून सुरू होतो तो आकडा. मात्र एक आकडा कुठे संपला नि पुढचा कुठे सुरू झाला, याची खूण मधे कुठेच नसते. ती आपणच सांगायची. पायथनमध्ये त्यासाठी स्ट्रक्ट हे मॉड्यूल आहे; ते पायथनसोबतच येते.

एका ओळीत नकाशा

प्रत्येक प्रकाराला एक अक्षर आहे. कॅपिटल ‘आय’ म्हणजे ४ बाइटांचा बिनचिन्ह पूर्णांक, कॅपिटल ‘एच’ म्हणजे २ बाइटांचा, ‘२एस’ म्हणजे २ बाइटांचा तुकडा. म्हणजे वरचे हेडर झाले: २एस, आय, एच, एच, आय. ही फॉरमॅट स्ट्रिंग आणि बाइट अनपॅक फंक्शनला दिले की पाच किमतींचा टपल हातात येतो. पॅक हेच काम उलट दिशेने करते.

क्रमाची भानगड

२५८ हा आकडा २ बाइटांत ‘१, २’ असाही लिहितात आणि ‘२, १’ असाही. मोठा बाइट आधी, तो बिग एंडियन; लहान आधी, तो लिटल एंडियन. पीएनजी फाइल पहिली पद्धत वापरते, बीएमपी दुसरी. इथे गफलत झाली तर प्रोग्रॅम तक्रारही करत नाही: ४ बाइटांतला १ निमूटपणे १,६७,७७,२१६ होऊन बसतो!

म्हणून स्ट्रिंगच्या सुरुवातीला लिटलसाठी ‘<’ किंवा बिगसाठी ‘>’ लिहितात. काहीच लिहिले नाही, तर स्ट्रक्ट त्या मशीनचा क्रम धरते, शिवाय सी कंपायलरसारखी मधे रिकामी जागाही सोडते. नेहमीच्या पीसीवर आपले १४ बाइटांचे हेडर मग १६ बाइटांचे होते. वाचताना निदान एरर येते. लिहिताना मात्र बिघडलेली फाइल गुपचूप तयार होते. हा डीफॉल्ट मला तरी घातकच वाटतो. शंका असेल तर कॅल्कसाइझ फंक्शनला विचारावे, ते एकूण बाइट सांगते.

कुठे अपुरे पडते?

पीएनजीच्या प्रत्येक खंडात आधी डेटाची लांबी, मग खंडाचा प्रकार, मग तेवढा डेटा आणि शेवटी तपासणीचे ४ बाइट असतात. अशी बदलती लांबी एका फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये बसत नाही. लूप आपण लिहायचा. असे प्रकार वाढले की कन्स्ट्रक्ट ही वेगळी लायब्ररी बरी. तिच्यात रचना एकदा मांडली की वाचणे आणि लिहिणे दोन्ही त्याच मांडणीवरून होते. ठरावीक लांबीच्या हेडरसाठी मात्र स्ट्रक्ट पुरेसे आहे, फक्त ते सुरुवातीचे चिन्ह गाळू नका.